आजीकडच्या वेगळ्या कपाबद्दल

चि. सोनू,

सिनसिनाटीच्या फ्रीडम सेंटरमधून, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दलच्या संग्रहालयातून, परतताना गाडीत तू विचारलंस, "आजी कामाच्या मावशींना चहा वेगळ्या कपात का देते?" आई म्हणाली, "सवय असते गं." तुला ते पटलं नाही. मलाही नाही, म्हणून लिहितोय.

तिथे आपण पाहिलेली ती ओंडक्यांची दुमजली कोठडी केंटकीतल्या एका शेतावरून आणलेली. 1830च्या दशकात दक्षिणेत विकायला न्यायची माणसं तिच्यात कोंडत. वरच्या तुळईला लोखंडी कड्या आहेत, पुरुषांना साखळीने बांधायला. तू त्यांच्याखाली किती वेळ उभी होतीस! पुढे त्या कोठडीभोवतीच कोणी तंबाखूचं कोठार बांधलं आणि ती आत तशीच राहिली. बाहेर ओहायो नदी. तेव्हा पलीकडे केंटकीत गुलामी कायदेशीर, अलीकडे ओहायोत नाही. पण पळून अलीकडे आलेल्यांनाही पकडून परत नेता येई, आणि 1850च्या कायद्याने ते आणखी सोपं केलं, म्हणून बरेचजण थेट कॅनडा गाठत.

मावशी गुलाम नाहीत. त्यांना पगार मिळतो, उद्या त्या काम सोडू शकतात. कप आणि साखळी एकाच पारड्यात घातली तर त्या कोठडीतल्या माणसांवर अन्याय होईल. तरी दोन्हींत नातं आहे, आणि ते दाखवणारा माणूस आजीच्याच पुण्यातला. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छा. (विकत घेतलेल्या दासी, म्हणजे बटकी आणि कुणबिणी, पेशवाईतही होत्या. ते आपण फारसं सांगत नाही.)

त्याआधी, 1868 साली, फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. आपल्याकडे माणसाला दूर ठेवायला पाणीच पुरत असे. 1927 साली महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर नंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. आजीचा कप त्याच रांगेतला आहे.

आजी म्हणेल, स्वच्छतेसाठी. पण घरातले सगळे कप त्याच मावशी घासतात, नाही का?

डिसेंबरात पुण्याला गेलो की हे तूच विचार. माझ्यावर ती चिडते, नातीवर नाही चिडायची. फक्त मावशी घरी नसताना विचार. आपल्या घरच्या वादात त्यांना उभं करू नकोस.

तुझा बाबा