आईला पुण्यात करमत नाही

‘आई-बाबांना गावाहून इथं आणलं. त्यांना वेगळी खोली आहे, टीव्ही आहे, नातू आहे. बाबा रमले, पण आईला काही केल्या करमत नाही. सारखं ‘मला गावाला सोडा’ चाललेलं असतं. तिला डिप्रेशन आलंय का?’

वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर या पट्ट्यात काम करणाऱ्या कुणाही समुपदेशकाला हा प्रश्न पाठ झालेला असतो. विचारणारा बहुतेकदा मुलगा असतो, आयटीत असतो आणि त्याच्या आवाजात काळजीइतकंच अपराधीपणही असतं. आज त्यातलीच एक गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकूंचं मूळ गाव किल्लारी परिसरातलं, एवढं मात्र खरं ठेवलंय, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्या भेटीत मुलगाच बोलत होता. आईला मॉलमध्ये नेलं, सारसबाग दाखवली, नवा फोन घेऊन दिला, एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमालाही सोडून आलो. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. मग काकू म्हणाल्या, “पोरगं गुणाचं हाय. सून बी चांगली हाय. माझं काय दुखत न्हाई. पर दिवस सरत न्हाई हो. बोलावं कुणासंगं?”

आधी जे तपासायचं ते तपासलं. झोप, भूक, वजन, रडू येणं, जगण्यात रस उरलाय की नाही. थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्यायला लावलं. ऐकू नीट येतं का तेही पाहिलं. उतारवयात कमी ऐकू येणारी माणसं चारचौघांत बसणं टाळतात आणि घरच्यांना वाटतं ती अबोल झाली. काकूंचं हे सगळं ठीक होतं. नातवाचं नाव काढलं की चेहरा खुलत होता. हा आजार नव्हता. पण हा एकटेपणा असाच वर्षभर राहिला असता तर तिकडे वळला असता.

दुसऱ्या भेटीत लिफ्टची गोष्ट निघाली. आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये लॅपटॉपच्या बॅगा घेतलेल्या दोन मुली भेटल्या. काकूंनी आपलेपणानं विचारलं, “हापिसाला जालालाव का?” मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि फिसकन हसल्या. झालं. त्या दिवसापासून काकू लिफ्टमध्ये मजल्याचे आकडे बघत उभ्या राहू लागल्या. मुलींच्या मनात वाईट काही नसणार, त्या खाली पोचेपर्यंत विसरल्याही असतील. पण जिची भाषा उभ्या जन्मात कुणाला हसण्यासारखी वाटली नव्हती, तिला आपण तोंड उघडलं की परके ठरतो हे त्या लिफ्टमध्ये कळलं. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी एक प्रश्न नेहमी विचारते: याआधी कधी नव्या जागी राहायला गेला होतात? बायका सहसा लग्नाचं सांगतात. काकू म्हणाल्या, “भूकंपात की.”

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळं कोसळलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवली गेली. काकूंचं गाव त्यातलंच. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, बोळातून जाताना तीन घरांच्या चुलीवर काय शिजतंय ते कळायचं. नव्या गावात रुंद सरळ रस्ते, ओळीनं सारखी घरं. ज्याची जेवढी जमीन त्या मानानं लहान-मोठं घर वाट्याला आलं. “आमचा शेजार फुटला,” काकू म्हणाल्या. “एक त्या टोकाला, एक ह्या टोकाला. पयले महिने तर आपलंच घर सापडत नव्हतं.”

“मग ओळखी कशा झाल्या?”

“टँकर यायचा न्हवं का. रोज त्येच्यासाठी उभं राहायचं. आधी भांडणं झाली. घागरीवरनं, नंबरावरनं. मग वळखी झाल्या.”

हे ऐकून मी वही मिटली. सगळं उत्तर त्यात होतं आणि ते काकूंना आधीपासून येत होतं.

मानसशास्त्रात याला आधार आहे. अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर, शाक्टर आणि बॅक यांनी एक अभ्यास केला, तो १९५० साली छापला गेला. तिथल्या इमारतींत कुणाला कुठलं घर मिळावं हे रहिवाशांच्या हातात नव्हतं. शेजारच्याच दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत हे प्रमाण जेमतेम १० टक्के होतं. म्हणजे फरक काही पावलांचा. जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी जास्त होत्या, कारण माणसं तिथून जात-येत होती. स्वभाव जुळतो म्हणून ओळख होते असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा आधी रोज समोर येणं होतं आणि स्वभाव नंतर जुळवून घेतला जातो.

मुलानं आईला दाखवलेल्या जागा आठवा. मॉल, बाग, एकदाचा कार्यक्रम. प्रत्येक ठिकाणी माणसं नवी, आणि परत भेटण्याची शक्यता शून्य. काकूंना फिरवणारा मुलगा होता, टँकर नव्हता.

तो शोधायला मी सूनबाईंना बोलावलं. सोसायटीत रोज किंवा ठरलेल्या दिवशी माणसं कशासाठी थांबतात? त्या विचारात पडल्या. मी सोपं विचारलं, “तुमच्या मजल्यावर कोण कोण राहतं?” त्यांनी फ्लॅटचे नंबर धडाधड सांगितले. नावं मात्र दोनच आली, त्यातलं एक तळमजल्यावरच्या कुत्र्याचं होतं. सहा वर्षं त्या तिथे राहत होत्या.

शेवटी निघालं ते असं: शनिवारी सकाळी गेटबाहेर भाजीचा टेंपो येतो आणि पाऊण-एक तास उभा असतो. भाजीबरोबर ज्वारी, डाळी, शेंगदाणेही असतात. ज्यांना ऑनलाइन भाजी आवडत नाही ती सगळी मंडळी तिथे असतात. आतापर्यंत टेंपोवर सूनबाईच धावत जाऊन येत, ‘आईंना कशाला त्रास’ म्हणून. मी एवढंच सांगितलं की शनिवारची भाजी यापुढे आईच आणतील, एकट्या, आणि घाई करायची नाही. शिवाय रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, खालच्या एका ठरलेल्या बाकावर बसायचं. बाक बदलायचा नाही आणि वेळही बदलायची नाही.

पहिले काही शनिवार काही घडलं नाही. काकू भाजी घेऊन वर येत होत्या, एवढंच. मुलाचा फोन आला, “अजून कुणी बोलत नाही तिच्याशी.” त्याला मी कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नुसती ओळख असलेल्या माणसाशी साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त, असं त्यांना दिसलं. रोज अर्धा तास धरला तर ५० तासांना तीन महिन्यांवर लागतात. अभ्यास अमेरिकेतला आहे, आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण तीन आठवड्यांत निकाल मागणाऱ्या मुलाला शांत करायला पुरतात.

मग एका शनिवारी टेंपोवाला ज्वारी ‘मालदांडी, एक नंबर’ म्हणून विकत होता. एक बाई पाच किलो घेणार, तोच काकूंनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, “गेल्या सालची हाय ही. भाकरी तुटंल.” टेंपोवाला चिडला, पण घेणारी थांबली. पुढच्या शनिवारी तिनंच विचारलं, “काकू, ही बघून देता का?” त्यानंतर काकूंनी दाणा चावल्याशिवाय त्या टेंपोवरची ज्वारी विकली जाईना. टेंपोवालाही शहाणा निघाला, चांगला माल आला की आधी काकूंना हाक मारू लागला.

तिथेच एक कानपूरकडची बाई भेटली. नवऱ्याला मधुमेह, डॉक्टरांनी ज्वारीची भाकरी सुचवलेली, आणि हिची भाकरी थापताना चिरत होती. काकू तिच्या स्वयंपाकघरात गेल्या. पीठ बोटांत चोळून बघितलं. पीठ जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला. तरी गरम पाण्यात मळून, तळहाताच्या कडेनं परातीत फिरवत भाकरी करून दाखवली. एकीला मराठी येत नव्हतं आणि दुसरीची हिंदी मराठवाड्याची, दख्खनी वळणाची. या वेळी दोघीही हसल्या, पण ते लिफ्टमधलं हसणं नव्हतं. काकू मला हे सांगत होत्या तेव्हा पदराचं टोक जागेवर होतं.

इथं मला सोसायट्यांमधल्या जुन्या रहिवाशांशी थोडं बोलायचंय. नवं माणूस आलं की आपण म्हणतो, “या ना कधीतरी!” हे बोलावणं नव्हे, लिफ्टचं दार बंद होता-होता म्हणायची गोष्ट आहे. बोलवायचं तर वार आणि वेळ सांगून बोलवा: बुधवारी चार वाजता चहाला या. आणि जमलं तर त्याआधी त्यांच्याकडे काहीतरी मागा. विरजण मागा, शिडी मागा, कुंडीतल्या कढीपत्त्याला कीड का पडते ते विचारा. नव्या माणसाला आपण पाहुण्यासारखं बसवून ठेवतो, त्याला हातही लावू देत नाही, आणि पाहुण्याचं कसं असतं, चार दिवसांनी त्याला परत जावंसं वाटतं. ज्याच्याकडे कुणी काही मागतं तो तिथला होतो. काकूंना ‘वेलकम’ करणारे बरेच होते. ज्वारी बघून द्या म्हणणारी एकच निघाली, आणि तिथून गाडी हलली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. संक्रांतीत सोसायटीचं हळदीकुंकू झालं. निरोप महिलांच्या ग्रुपवर गेला होता आणि ग्रुपमध्ये फक्त फ्लॅटच्या मालकिणी. भाडेकरू नाहीत, सासवा नाहीत, गावाहून आलेल्या आया नाहीत. काकूंना खालून गाण्यांचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं. दोन दिवस त्या बाकावर गेल्या नाहीत. ‘ओन्ली ओनर्स’ हा नियम पार्किंगला ठीक असेल, वाण लुटायला कशाला? ज्यांच्या गावाकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून शेतात भज्जी-उंडे वाढतात आणि वर आंबील पाजतात, त्या बाईला हे का लागलं असेल ते वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी कानपूरकडची बाई घरी आली. तिलाही बोलावणं नव्हतं, ती भाडेकरू. दोघींनी मिळून चहा घेतला आणि, काकूंच्या शब्दांत, “ग्रुपवालींचा मस्त उद्धार केला.” उपचार म्हणून हे माझ्या कुठल्याही तंत्रापेक्षा सरस होतं.

काका लवकर कसे रमले, हे मुलाला कोडंच होतं. काका पहिल्या दिवशीच गेटवर गेले, सिक्युरिटीतला मुलगा नांदेडकडचा निघाला, तिथेच त्यांची बैठक जमली. पुरुषाला गेटवर उभं राहायला कारण लागत नाही. बाईला पिशवी लागते. म्हणून आईला ‘खाली जाऊन बस’ म्हणू नका, काम द्या, आणि ते काम तिच्या हातून काढून घेऊ नका. नातवाला सांभाळणं हे काम यात धरू नका, ते तिला घरातच ठेवतं.

ज्यांच्या घरी गोष्ट याहून पुढे गेली आहे त्यांच्यासाठी: उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, आवडत्या गोष्टीतही मन लागेना किंवा ‘जगून काय करायचं’ अशी भाषा येऊ लागली, तर भाजीच्या टेंपोवर विसंबू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

काकू हल्ली माझ्याकडे येत नाहीत, गरज नाही. पेरणीला गावाला जातात, येळवशीला जातात आणि परत येतात. ‘पुणं आवडलं का’ विचारलं तर अजूनही “न्हाई” म्हणतात.

सूनबाई मात्र येतात, स्वतःसाठी. मजल्यावरची नावं त्यांना आता येतात, सासूबाईंमुळे, पण त्या बायका त्यांना ‘काकूंची सून’ म्हणून ओळखतात आणि ते त्यांना बोचतं. टेंपो त्यांच्या उपयोगाचा नाही, शनिवारी त्या आठवड्याची झोप भरून काढतात. साडेपाचला त्या ऑफिसात असतात. रात्री साडेनऊला कचरा खाली ठेवायला जातात तेव्हा तळमजल्यावरची एक बाई रोज कुत्र्याला घेऊन निघते. कुत्र्याचं नाव तर त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. या आठवड्यात त्या बाईचं विचारणार आहेत.