पद मिळालं, धास्ती जाईना

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी मला विभागप्रमुख केलं. हाताखाली बाराजण आहेत. प्रत्येक अहवाल मी चार-चारदा तपासते, रात्रीचा एक वाजतो. कुणी कौतुक केलं की वाटतं, यांना अजून कळलेलं नाही. एक दिवस माझं बिंग फुटेल. काय करू?

उत्तर : बिंग फुटायला आधी ते असावं लागतं. तुमच्या पत्रात मला ते कुठे सापडलं नाही. जागरणं मात्र सापडली.

१९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमधल्या याच भावनेवर लिहिलं. (तिला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात, पण हा आजार नव्हे.) तिचं चक्र असं: नवं काम, धास्ती, धास्तीपोटी अति तयारी, काम फत्ते, आणि श्रेय जातं जागरणाला. दोनदाच तपासलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हाला कधी कळलेलंच नाही. म्हणून ‘आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला मी देणार नाही. तपासण्या कमी करा.

या आठवड्यात कार्यालयाबाहेर न जाणारा, चूक राहिली तरी सुधारता येईल असा एक अहवाल निवडा. पाठवण्याआधी वहीत एक ओळ लिहा : काय बिघडेल असं वाटतंय? मग दोनदाच तपासा, एकदा आकडे, एकदा मजकूर. पाठवून द्या. तीन दिवसांनी त्या ओळीखाली प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. सुरुवातीला धास्ती कमी होण्याऐवजी वाढेल, आणि रात्री गुपचूप तिसऱ्यांदा फाइल उघडावीशी वाटेल. उघडलीत तर तो प्रयोग बाद. पुढच्या अहवालावर पुन्हा करा. चूक निघालीच, तर ‘तिसऱ्या तक्त्यातला आकडा बदलला आहे, सुधारित प्रत सोबत’ एवढंच कळवा. माफीचा परिच्छेद नको. असे पाच-सहा अहवाल झाले, की मग महत्त्वाच्या कामाला हात घाला.

बैठकीत उत्तर माहीत नसेल तर ‘हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, उद्या चारपर्यंत देते’ म्हणा, आणि चारच्या आत द्या. प्रमुखाला सगळं पाठ असावं लागत नाही. कौतुकाला ‘टीमनं केलं’ म्हणून झटकू नका. टीमचं नाव घ्याच, पण त्यातला आपला निर्णयही सांगा : ‘धन्यवाद. मुदत वाढवायचं मी ठरवलं, ते उपयोगी पडलं.’

ज्यांनी तुम्हाला नेमलं त्यांना नेमणुकीची तीन कारणं विचारा. ‘मी बरी आहे ना?’ असं मात्र विचारू नका; त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून कुणाला गत्यंतर नसतं.

आणि एक तपासा : बैठकीत तुमचं बोलणं मध्येच तोडलं जातं का? तुमचीच सूचना दुसऱ्यानं मांडल्यावर उचलली जाते का? तसं असेल तर तो दोष तुमच्या मनाचा नाही. तारखांसकट नोंदी ठेवा आणि वरिष्ठांपुढे मांडा.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, तर समुपदेशकाला भेटा. वही सोबत न्या.