ओळख वाढली की पूर्वग्रह आपोआप जातात का?

तुमचा प्रश्न असा: "मी पुण्यात एका कंपनीत भरतीचं काम बघतो. आडनाव, गाव, बोलण्याची ढब यावरून माणसं समोरच्याबद्दल मत बनवून मोकळी होतात. पण त्याची जास्त माहिती मिळाली, ओळख वाढली, की हे आपोआप सुटतं ना?"

नाही सुटत. कित्येकदा माहिती वाढली की मत आणखी घट्ट होतं. मी शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. हे रोज डोळ्यांसमोर घडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. आमच्या वर्गात बागायतदारांची मुलं असतात, तशीच सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली भिल्ल आणि पावरा मुलंही असतात. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी विचारलं, "ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात?" पहिल्या रांगेतला मुलगा गप्प. सर म्हणाले, "आठव, आठव, तुला येतं. बाष्पीभवन आपण कधी केलं?" मुलगा खाली बघत राहिला, सर थांबले, अजून एक धागा दिला, आणि उत्तर आलं. पुढचा प्रश्न एका पावरा मुलीला. ती उभी राहिली, ओठ हलले, आवाज फुटायच्या आत सर म्हणाले, "बस. पुढचा सांग." तिच्या घरी पावरी बोलतात. प्रश्न ऐकायचा, तो मनात आपल्या भाषेत लावायचा, उत्तर जुळवायचं आणि ते पुन्हा मराठीत आणायचं, याला वेळ लागतो. तो वेळ तिला मिळालाच नाही.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये पहिल्या मुलाबद्दल ऐकलं, "शांत आहे, पण विचारी आहे." मुलीबद्दल ऐकलं, "डोक्यात काही शिरतच नाही हो." दोघंही गप्पच होती. हे सर वाईट माणूस अजिबात नाहीत, पदरमोड करून मुलांना वह्या घेऊन देतात. वर्षभर रोज त्या मुलीला बघतात, म्हणजे माहितीचा तुटवडा नाही. पण रोजचं बघणं आधीच ठरलेल्या मताच्या खात्यात जमा होत जातं.

यावर अमेरिकेत १९८३ साली जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी फार नेमका प्रयोग केला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना चौथीतल्या हॅना नावाच्या मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती सुखवस्तू वस्तीत, सुशिक्षित आईवडिलांच्या घरी दिसली, काहींना गरीब वस्तीत. एवढंच बघून तिची पातळी सांगायला लावली, तेव्हा दोन्ही गटांनी साधारण तिच्या इयत्तेइतकीच सांगितली. नुसत्या घरावरून निकाल द्यायला लोक कचरतात. मग आणखी काही जणांना, दोनपैकी एक घर दाखवून झाल्यावर, हॅना तोंडी परीक्षा देताना दाखवली. परीक्षेची फीत सगळ्यांना एकच होती, आणि त्यात ती काही अवघड प्रश्न सोडवते, काही सोपे चुकवते. आता मात्र मतं फाकली. सुखवस्तू हॅना बघितलेल्यांना ती इयत्तेच्या पुढची वाटली, गरीब हॅना बघितलेल्यांना मागे पडलेली. दोन्ही गटांना आपण पुराव्यावर बोलतोय याची खात्री होती, आणि तो पुरावा एकच होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. साचेबद्ध समज नुसता मनात पडून असतो तेव्हा माणूस थोडा सावध तरी असतो. हातात थोडी माहिती आली की हा सावधपणा सुटतो, कारण आता "मी स्वतः बघितलंय" असं म्हणता येतं.

कारणं शोधतानाही हेच होतं. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परत येता येत नाही, आणि घरी सांभाळायला कुणी नसलं की मुलंही आईबापांबरोबर जातात. होळीला मुलगा परत येतो तेव्हा हजेरीपटावर ओळीने गैरहजर. लगेच शेरा: "यांना शिक्षणाची किंमतच नाही." बागायतदाराचा मुलगा लग्नसराईत तसाच गायब झाला तर "घरी काही अडचण असेल." एकाच्या गैरहजेरीचं कारण परिस्थिती, दुसऱ्याच्या गैरहजेरीचं कारण त्याची जमात. मला याचा खरोखर राग येतो, कारण उचलीचा हिशोब इथल्या प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ आहे.

आणि हे जुनं आहे. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्यांच्या लेखी भिल्ल म्हणजे लुटारू. त्याआधी घाट आणि गावं राखायचं काम भिल्लांकडे असायचं, बदल्यात वाटा मिळायचा. १८०३-०४ चा दुष्काळ आणि फौजांची धामधूम यांत गावं ओस पडली, वाटा बुडाला, आणि राखणदार लुटीकडे वळले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, ठरलेला पगार दिला, आणि त्याच जमातीची माणसं बंदोबस्ताला उभी राहिली. डोंगर तेच, जमात तीच. लुटारूपणा रक्तात असता तर पगाराने कसा गेला असता?

ज्याच्यावर शिक्का बसतो तोही बदलतो, हे विसरू नका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी दिली. जात उघड केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कोडी कमी सुटली. आमची ती मुलगी अलीकडे उभी राहिली की स्वतःच "येत नाही" म्हणून खाली बसते.

मग ओळखीचा उपयोगच नाही का? आहे, पण बरोबरीच्या ओळखीचा. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच लिहून ठेवलंय की दोन्हीकडचा दर्जा सारखा हवा, काम सामायिक हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. आपल्याकडचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, वर्षभर तो मालकाच्या शेतात राबतो, कुणाकुणाच्या घरी तर वीस-वीस वर्षं. मालकाला त्याची पोरंबाळं, दुखणीखुपणी सगळं ठाऊक असतं. तरी विषय निघाला की मालक म्हणतो, "आमचा गडी चांगला आहे, पण ही जमात तशीच." एवढी ओळख होऊनही गडी फक्त अपवाद ठरला, समज जागेवरच राहिला. कबड्डीच्या संघात मात्र मी वेगळं बघितलंय. तिथे पकड कुणी केली हे सगळ्यांना दिसतं आणि गुण संघाला मिळतो. त्या मुलांचे डबेसुद्धा एकत्र उघडतात.

म्हणून मन साफ होण्याची वाट बघत बसू नका, निवडीची पद्धत बदला. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांवर बोर्ड बारकोड लावतं, तपासणाऱ्याला नाव कळत नाही. तुम्हालाही पहिल्या चाळणीत नाव, आडनाव, गाव आणि फोटो झाकता येईल. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. २००७ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीचं बोलावणं कमी आलं. म्हणजे अन्याय तुमच्या खोलीचं दार उघडण्याआधीच झालेला असतो.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक उत्तराचे गुण लगेच मांडा, शेवटी एकदम नको. पॅनेलवरच्या दोघांनी आपापले गुण लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये. आणि आमच्या धुळ्या-जळगावकडचं कुणी अहिराणी वळणाचं मराठी बोलत समोर बसलं आणि उत्तराआधी थबकलं, तर जेवढा वेळ इतरांना देता तेवढा त्यालाही द्या. घड्याळ लावून द्या, कारण आपण किती थांबलो याचा अंदाज आपल्याला नसतो. आमच्या शाळेत तोंडी परीक्षेला मी हेच सुरू केलंय, प्रत्येकाला मोजून तेवढाच वेळ.