लहर सरकते, वाहत नाही

परभणीच्या एका शिक्षकांनी विचारलंय: मुलांनी भित्तिपत्रकावर ‘साखरझोपेत मेंदूतून लाटा वाहतात’ असं लिहिलं आहे. लाटा, लहरी की तरंग, काय ठेवावं?

‘लाट’ म्हटलं की मागे रेटा आला. उष्णतेची लाट आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते, ती माणूस आडवा पाडते. इथला मामला काही लक्षांश व्होल्टचा, त्याला हा शब्द जड. ‘तरंग’ तरंगलांबीमुळे मुलांच्या ओळखीचा, चालेल. पण रेडिओलहरी, भूकंपलहरी रुळलेल्या असताना ‘मेंदूलहरी’च सरळ. एकच जपा: ‘लहरी मेंदू’ लिहिलंत की अर्थ फिरला.

खरी चूक ‘वाहतात’मध्ये आहे. वाहतं ते पाणी, रक्त. गाढ झोपेत मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे वरच्या थरातल्या, पेशी क्षणभर एकदम गप्प होतात आणि पुन्हा बोलू लागतात. साधारण सेकंदाला एकदा, किंवा त्याहून सावकाश. हे गप्प होणं सगळीकडे एकाच वेळी होत नाही. बहुतेक वेळा ते कपाळामागच्या भागात सुरू होतं आणि शेजारच्या पेशी ते उचलत मागे नेतात. झोपलेल्यांच्या डोक्यावर बरेच इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या चकत्या) लावून 2004 साली याचा वेग मोजला गेला: सेकंदाला 1.2 ते 7 मीटर. म्हणजे कपाळापासून मानेच्या वरपर्यंत जायला सेकंदाचा दहावा हिस्सा, कमीजास्त. शाळूच्या रानातून वारं जाताना बघा. एकेक ताट वाकतं, सरळ होतं, जागचं हलत नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत जातं ते फक्त वाकणं. म्हणून लहर ‘सरकते’ किंवा ‘पसरते’. सुरुवात कधी कधी दुसरीकडूनही होते, तेव्हा ‘नेहमी पुढून मागे’ असं लिहू नका.

‘साखरझोप’ही काढा. ती पहाटेची, आणि पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते. या संथ लहरींची दाटी रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे आपण ‘पहिली झोप’ म्हणतो तिच्यात. ‘गाढ झोप’ लिहा. तपासणीत तिची खूण ठरलेली आहे: नोंदीच्या 30 सेकंदांच्या तुकड्यात किमान 6 सेकंद तरी 75 मायक्रोव्होल्टहून (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) उंच संथ लहरी दिसल्या पाहिजेत.

खाली ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीचा, आलेख चिकटवणार असाल तर तो पारखून घ्या. कपाळाला घाम आला की इलेक्ट्रोडखालची रेघ अशीच सावकाश वरखाली डुलते आणि नवशिक्याला ती गाढ झोप वाटते. फरक असा, की घामाचं डुलणं बहुधा आणखी मंद, बेढब, आणि खोली गार केली की ओसरतं. मेच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून काढलेली रेघ तेवढी घेऊ नका.