घाटात इंजिन तापल्यास काय करावे?

प्रश्न : मे महिन्यात चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरला जाताना कन्नड घाटात आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यापर्यंत गेला. एका चालकाने माथ्यापर्यंत हळूहळू न्या, असे सांगितले. दुसऱ्याने लगेच झाकण काढून गार पाणी ओतायला सुचवले. योग्य काय?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दोन्ही सल्ले मानू नयेत, आणि झाकण काढण्याचा तर मुळीच नाही. रेडिएटरमध्ये (इंजिनाची उष्णता हवेत टाकणाऱ्या जाळीदार भागात) दाब असल्यामुळे आतील कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) १०० अंश सेल्सिअस ओलांडूनही उकळत नाही. मात्र झाकण सैल होताच दाब जातो, कूलंट त्याच क्षणी उकळते आणि वाफेसह अंगावर उसळते. हे भाजणे फार गंभीर असते. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेल्यास हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाण्याचाही धोका असतो.

काटा नुकताच चढू लागला असेल, तर एसी बंद करावा, कारण त्याचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असल्याने रेडिएटरला तापलेली हवा मिळते. काचा उघडून हीटर पूर्ण चालू करावा. मे महिन्यात हे नकोसे वाटेल, पण इंजिनाची काही उष्णता त्यातून बाहेर पडते. काटा लाल पट्ट्यात शिरल्यास किंवा वाफ दिसल्यास वळण टाळून पहिल्या सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे आणि चाकामागे दगड लावावा (निघताना तो रस्त्यावर सोडू नये). वर गेलेला काटा एकाएकी खाली आला, तरी निर्धास्त होऊ नये : कूलंट संपले असेल, तर सेन्सरभोवती द्रवच उरत नाही आणि काटा फसवा आकडा दाखवतो.

किमान अर्धा-पाऊण तास थांबून, रेडिएटरला जोडलेला वरचा रबरी होज पाइप हाताला गार लागल्यावरच जाड फडक्याने झाकण थोडे थोडे फिरवावे. कूलंट नसेल, तर पिण्याचे स्वच्छ पाणी तात्पुरते चालते. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे बोअरचे जड पाणी मात्र टाळावे, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. पातळी पुन्हा उतरली किंवा डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट (हेडखालचे सील) गेल्याची शक्यता असते. तेव्हा गाडी ओढूनच न्यावी.

खानदेशात हा त्रास अधिक का होतो, तेही पाहावे. इंजिन साधारण ९० अंशांवर चालते. हवा २० अंश असताना दोहोंत ७० अंशांचा फरक असतो; जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत तो ४५ वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास एक तृतीयांश कमी उष्णता टाकतो. म्हणून मार्चमध्येच कूलंट बदलण्याची मुदत पाहावी, होज पाइप व बेल्ट तपासून घ्यावेत आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, किडे हलक्या पाण्याने काढावेत. उभ्या गाडीत एसी लावल्यावर रेडिएटरचा विजेवरील पंखा फिरत नसेल, तर फ्यूज व रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासल्याशिवाय घाटात जाऊ नये.