मेंदू शिकताना माणूस हरवतो का?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणसांविषयी कुतूहल होतं म्हणून हा विषय घेतला. आता मेंदूच्या भागांची नावं पाठ करण्यातच दिवस जातो. आई चिडली तरी मला अमिग्डला हा मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग आठवतो! यात माणूस कुठे आहे?

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला. इतकी वर्षं हा विषय शिकवताना तो मलाही सोडून गेलेला नाही. हेन्री मोलेसन यांच्याविषयी वाच. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवायला लागणाऱ्या भागाचा, बराच हिस्सा काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी मोलेसन यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, आपण हे आधी केलंय याचा मात्र त्यांना पत्ताच नसे! कौशल्याची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती वेगळ्या वाटांनी चालतात, हे त्यातून उमगलं. मिल्नर अनेक वर्षं त्यांना भेटत राहिल्या, तरी त्या त्यांना अनोळखीच राहिल्या. हे वाचताना मला आजही भरून येतं.

आईच्या रागाचं म्हणशील तर, अमिग्डला म्हणजे रागाचं बटण नव्हे. भीती, धोक्याची चाहूल, महत्त्वाचं काय ते टिपणं, अशा कितीतरी गोष्टींत त्याचा वाटा असतो. आई नेमकी कशामुळे चिडली, हे तिलाच विचारावं लागेल. आणि पाठांतर करताना प्रत्येक भागाच्या नावापुढे एका रुग्णाची हकिगत लिहून ठेव.