'डिर /एस' सीएमडीत चालते, मग पॉवरशेलमध्ये एरर का? आणि लिनक्सची यादी वेगळीच का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या लॅबमध्ये सीएमडीत (विंडोजची जुनी कमांड-खिडकी) बिनबोभाट चालणारी 'डिर /एस' (फोल्डरची आणि त्याच्या आतल्या सगळ्या फोल्डरांची यादी) घरी पॉवरशेलमध्ये (विंडोजचीच नवी कमांड-खिडकी) एरर देते आणि लिनक्सवर यादीच निराळी येते, असं का. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.)

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. डिझाइनचं मशीन विंडोजचं, बॅकअपचं लिनक्सचं, त्यामुळे हा घोळ रोजचाच आहे.

आधी यादी देतंय कोण ते बघा. सीएमडीतली 'डिर' ही सीएमडीच्याच पोटातली कमांड. तिची वेगळी फाइल डिस्कवर सापडणार नाही. लिनक्सचा यादी देणारा 'एलएस' मात्र स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. बॅश हे शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सोडून झेडशेल हे दुसरं शेल घेतलात तरी एलएस तोच. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'डिर' आणि 'एलएस' ही दोन्ही नुसती टोपणनावं, खरं काम करते 'गेट-चाइल्डआयटम'. तिला '/एस' हा पर्याय वाटतच नाही. ती 'सी:\एस' असा पाथ शोधायला जाते आणि मिळाला नाही की ओरडते. तिथे 'डिर -रिकर्स' लिहा. लपलेल्या फाइलींसाठी '-फोर्स'. लिनक्सवर लपलेल्या फाइलींसह सविस्तर यादी देणारं 'एलएस -एलए' तिथे चालत नाही.

खरी गंमत स्टारची (*, म्हणजे 'कुठलंही नाव') आहे. बॅशमध्ये 'एलएस *' दिलंत की एलएस सुरू व्हायच्या आधीच बॅश स्टार काढून तिथे सगळी नावं भरतं. एलएसला स्टार दिसतच नाही. त्या नावांत फोल्डर असले की तो प्रत्येक फोल्डर उघडून आतलं दाखवतो आणि पडदा भरून जातो. नुसती नावं हवी असतील तर 'एलएस -डी *'. एकही नाव जुळलं नाही तर बॅश स्टार तसाच पुढे ढकलतं आणि तक्रार एलएस करतो. झेडशेल स्वतःच नकार देतं, एलएसपर्यंत गोष्ट जातच नाही. 2019 च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर नव्या खात्यांना झेडशेलच मिळतं, म्हणून मॅकवाल्या मित्राची एरर तुमच्यापेक्षा वेगळी दिसेल.

सीएमडी स्टारला हात लावत नाही, त्याचा अर्थ 'डिर' स्वतः लावते. इथे एक जुना सापळा आहे. ज्या ड्राइव्हवर 8.3 पद्धतीची (आठ अक्षरांपर्यंत नाव, तीन अक्षरांपर्यंत एक्स्टेन्शन) छोटी नावं तयार होतात, तिथे 'डिर *.एचटीएम' विचारलं तरी .एचटीएमएल फाइलीही येतात, कारण छोट्या नावात एक्स्टेन्शन तीनच अक्षरांचं उरतं. फाइली उडवणारी 'डेल' कमांडही हीच जुळणी वापरते! म्हणून उडवण्याआधी त्याच पॅटर्नने डिर मारून यादी नीट वाचा.

मला स्वतःला पॉवरशेल आवडतं, कारण ते मजकूर नाही, ऑब्जेक्ट (नाव, आकार असे वेगळे कप्पे असलेली माहिती) देतं. 'डिर -फाइल | व्हेअर लेंग्थ -जीटी 10एमबी' लिहिलं की 10 एमबीच्या वरच्या फाइली समोर. एलएसच्या मजकुरातून असं गाळायला गेलात तर 'चादर नवी 2.बीएमपी' सारखं जागा सोडलेलं नाव घोळ घालतं; लिनक्सवर त्यासाठी 'फाइंड' वापरा.

आणि पॉवरशेलमध्ये बसूनच लॅबवाली डिर हवी असेल, तर 'सीएमडी /सी डिर /एस' टाका. चालते.